पेला कोपऱ्याकडेच का गेला

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे, ओळखीचे, कधी न पाहिलेले लोक दाटीवाटीने बसले होते. महाराजांनी थर्मासमधल्या वाफाळत्या ‘तीर्थाने’ काचेचा पेला विसळला, ओल्या फरशीवर उपडा ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, “आई, सुनेला माफ केलं असेल तर आपल्या जागेवर जा.”

पेला थरथरला. कोणी हात न लावता सरकत निघाला तो थेट खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे म्हातारीची खाट असायची.

सुनेने डोळे पुसले. तिचं मन तिला खात होतं. खाटेजवळची फरशी खचतेय, चालताना तोल जातो, असं सासूबाई वर्षभर सांगत होत्या. “वय झालं की सगळंच तिरकं वाटतं, आई,” असं म्हणून ती कामाला लागायची. मग एका दुपारी सासूबाई तिथेच पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणावरून पुन्हा उठल्याच नाहीत. त्यांची माफी मागायची म्हणून सुनेने या महाराजांना बोलावलं होतं. पेला रोज माफी द्यायचा आणि रोज तिला ती नव्याने मागावी लागायची.

महाराजही पोचलेले. फरशीला हात लावलात तर आत्मा दुखावेल, अशी तंबी त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. गर्दी वाढली तसा पेला अधिक जोरात धावू लागला, तेव्हा ते म्हणाले, “बघा, तुमच्या श्रद्धेनेच याला वेग येतो.”

हे वाक्य दारात उभ्या नणंदेच्या कानावर पडलं. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवायची आणि त्याच दिवशी आली होती. तिने अदबीने विचारलं, पेला थंड पाण्याने विसळला तर चालेल का? आत्म्याला ऊब लागते, महाराज म्हणाले.

“आमच्या आईला तर उकाडा मुळीच सोसायचा नाही,” नणंद म्हणाली. दोघंतिघं हसले.

तेवढ्यात तिने नळाखाली पेला विसळून ठेवलासुद्धा. पेला अडेलतट्टूसारखा जागचा हलेना. मग स्वयंपाकघरातून गरम पाणी आणलं. मंत्र नाही, तंत्र नाही, तरी पेला चालला. गरम काचेने आतली हवा तापते, फुगते, पेल्याला जराशी उचलते, आणि तो पाण्याच्या पातळ थरावरून उताराकडे घसरतो, तिने समजावलं. मग तिने कपाटाची काच काढून फरशीवर ठेवली, ओली केली, तिला कोपऱ्याकडच्या बाजूने पुस्तकांचा टेकू दिला आणि गरम पेला तिच्यावर ठेवला. आता पेला दाराकडे निघाला. महाराज थर्मासचं झाकण लावू लागले.

लोक हसत असताना नणंदेचं लक्ष कोपऱ्यात गेलं. भिंत आणि फरशी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. गर्दी वाढली की पेला का धावतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

“कोणी पळू नका,” ती हळू आवाजात म्हणाली. “एकेक जण दाराने खाली उतरा. पेल्याला तुमच्या श्रद्धेने वेग येत नव्हता. तुमच्या वजनाने फरशी वाकतेय.”

माणसं चिडीचूप उतरली. दुसऱ्या दिवशी सुताराने खालच्या खोलीचं छत उघडलं. खिडकीखालच्या भिंतीतून पाणी मुरून तुळईचं टोक भिजल्या पावासारखं झालं होतं. बोट दाबलं तर आत जात होतं.

सून बघत राहिली. “म्हणजे आईंनी मला माफ केलं नव्हतं?”

“ते आता कोणीच सांगू शकत नाही, वहिनी,” नणंद म्हणाली. “मला तरी कुठे तोंड आहे? आई फोनवर मलाही सांगायची. मी म्हणायचे, दादाला सांग.”

दोघींनी सुताराला काम लगेच सुरू करायला सांगितलं.

सुताराने खालून टेकू दिले, जॅकने वरच्या खोलीची जमीन रोज केसभर उचलली, कारण घाई केली तर भिंती तडकल्या असत्या. नवी तुळई बसली, गवंड्याने फरशी पातळीत आणली. सून सारा वेळ तिथे उभी होती. मनावरचं ओझं काही गेलं नाही, पण आता ती ते खोट्या माफीने झाकत नव्हती.

अजूनही कोणी ‘ती जागा’ बघायला आलं, की ती त्यांना कुजलेलं लाकूड दाखवते आणि सांगते, “चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं की तोल जातोय, तर त्याच दिवशी बघा.”