तांब्याभर बाप्तिस्मा

"…रामकिसन गायकवाड, बानूबाई गायकवाड, दगडोबा साळवे." आबाराव मास्तरांनी यादीचं शेवटचं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "झाले एकाहत्तर सभासद. कुणाचं राहिलं का?"

"माझं राह्यलं की, मास्तर," दारातून आवाज आला.

धुरपदाबाई हातात खराटा घेऊन उंबऱ्याशी उभी होती. आम्ही कमिटीचे पाच जण बाकांवर बसलो होतो. बाकीच्या चौघांनी एकदम मास्तरांकडे पाहिलं, म्हणजे उत्तर द्यायचं काम त्यांच्यावर ढकललं. त्या चौघांत मीही होतो.

हे त्र्याऐंशी साल. येरमाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात बॅप्टिस्ट मंडळी स्थापन होऊन त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. मंडळीचा इतिहास छापायचा ठरला होता आणि तो मास्तर लिहीत होते. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे सेक्रेटरी. अक्षर मोत्यासारखं, मनही तसंच, टणक. धुरपदाबाई चर्च झाडायची आणि बाप्तिस्म्याचा हौद भरायची. आमच्यात तान्ह्या पोरांच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. कळत्या माणसानं मंडळीसमोर विश्वास कबूल करायचा आणि पाळकांनी त्याला अख्खं पाण्यात बुडवून काढायचं. त्यासाठी चर्चच्या मागे छातीइतका खोल हौद बांधलेला आहे. गेली कित्येक वर्षं ज्या पाण्यात आमची पोरंसुना बुडून निघाली, ते सगळं धुरपदाबाईच्या डोक्यावरून आलेलं होतं.

"तुमचा बाप्तिस्मा धरता येत न्हाय, बाई," मास्तर म्हणाले. "तुमचा तांब्याचा."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हौदात पाली फिरत होत्या. विहिरीचा तळ दिसत होता. अशात अकरा जण बाप्तिस्म्याला उभे राहिले. तेव्हाचे म्हातारे गुरुलिंग पाळक म्हणाले, प्यायला नाही तिथं बुडवायला कुठून आणू, देवाला आपली अडचण कळते. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. रांगेत धुरपदाबाई होती, तिची सोळा वर्षांची चांगुणा होती आणि आबाराव मास्तरही होते. पंधरा दिवसांनी चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडताना हगवणीनं गेली. "देवाची लेक देवाकडं गेली," असं म्हणून पाळकांनी तिला मंडळीच्या कबरस्थानात माती दिली. धुरपदाबाईचा नवरा आधीच गेलेला, मागे कुणी नाही. पाळकांचं ते एक वाक्य तिनं दहा वर्षं जपलं होतं.

पुढं पाऊस झाला, नवे पाळक आले, आणि त्यांनी तांब्याचे बाप्तिस्मे रद्द ठरवले. अकरांतल्या नऊ जणांना हौदात पुन्हा बुडवून काढलं. धुरपदाबाई तेव्हा साखर कारखान्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती. परत आल्यावर तिला सांगायचं राहून गेलं, असं आम्ही म्हणतो. खरं म्हणजे चर्च झाडणाऱ्या बाईला काही सांगावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नाही.

"मास्तर, तुमी माझ्या म्होरंच हुबं व्हता की. त्योच तांब्या, त्येच पानी."

"म्हणून तर आमी पुन्हा घेतला. तुमी बी घ्या." मास्तरांचा आवाज मऊ झाला. "महोत्सवाला कारखान्याचा टँकर येणार हाय. चेअरमनसाहेबांनी कबूल केलंय. हौद काठोकाठ भरतो. तुमी फकस्त उतरा, नाव छापतो."

"आन् चांगुणाचं?"

"मेलेल्या माणसाला कसं बुडवायचं, बाई?"

धुरपदाबाईनं खराटा भिंतीला टेकवला. "म्या आता घेतला, तर पयला खोटा व्हता असं व्हतंय. म्हंजी माझी लेक बाप्तिस्म्याबिगर गेली म्हना की."

"नियम काय म्या केला न्हाय."

मला मास्तरांची भयंकर चीड आली. चीड आली आणि मी बाकावर बसूनच राहिलो.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी टँकर आला. कर्णा लागला, मांडव सजला, पहिल्या रांगेत चेअरमनसाहेब बसले. बाप्तिस्म्याला चौघं होती आणि त्यांच्या मागे धुरपदाबाई, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. सगळ्यांत जास्त मास्तरांनी.

तिची पाळी आली तशी ती पायऱ्या उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं. ह्या हौदात ती पहिल्यांदाच उतरत होती. आजवर नुसतं काठावरून ओतलेलं. धाराशिवहून बोलावलेल्या पाळकांनी विचारलं, "प्रभू येशूला तारणारा म्हणून स्वीकारता का?"

"व्हय."

पाळकांच्या हातात मास्तरांनी लिहून दिलेली चिठ्ठी होती. "हा माझा पहिला आणि एकमेव बाप्तिस्मा आहे, असं मंडळीसमोर म्हणा."

धुरपदाबाई गप्प. पाळकांना वाटलं तिला ऐकू कमी येतं. त्यांनी तेच ओरडून सांगितलं.

"आयकू येतंय मला," ती म्हणाली. "पयला न्हाय ह्यो. पयला झालाय माझा. माझ्या लेकीसंगं झालाय."

ती वळली आणि पायऱ्या चढून वर आली. लुगडं पायांना चिकटलं होतं, तिला धड पाऊल टाकता येत नव्हतं. मांडवात कुणीतरी खुसखुसलं. चेअरमनसाहेबांनी मान वळवून विचारलं, "काय झालं हो?"

"काय न्हाय साहेब, डोक्यानं जरा कमी हाय," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. साहेब हसले म्हणून आम्हीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, पण हसताना वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिच्या हातचा खराटा काढून घेतला. सभासद नसलेल्या बाईनं चर्च झाडणं बरं दिसत नाही, असा ठराव झाला. त्याच बैठकीत कबरस्थानाच्या भिंतीचं ठरलं. चेअरमनसाहेबांनी विटा दिल्या होत्या. आत फक्त सभासद, असं मास्तर म्हणाले. चांगुणाची कबर रस्त्याच्या कोपऱ्याला होती. तिला बाहेर ठेवायचं तर भिंतीला वळण द्यावं लागत होतं, विटा जास्त लागत होत्या. मास्तरांनी त्या आनंदानं लावल्या. देखरेखीचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते घेतलं.

भिंत गुडघाभर आली होती तेव्हा एका दुपारी धुरपदाबाई आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. गवंडी सिद्धेश्वरला विचारलं, "बाबा, रस्ता कुठवर येनार हाय?"

"ती चुन्याच्या फक्कीची रेघ दिसती न्हवं, तिथवर. रुंद करून डांबरी करनार म्हनं."

कबरीच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ती तिरकी रेघ. मधे जमिनीची चिंचोळी पट्टी उरली होती. धुरपदाबाईनं पदर खोचला, चांगुणाच्या दगडांशेजारी बसली आणि हळूच आडवी झाली. अंग सरळ केलं. हात अंगालगत घेतले.

"बघ बरं, मावती का म्या?"

सिद्धेश्वरनं थापी खाली ठेवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"पाय रस्त्यात जात्यात, मावशे," तो म्हणाला.

तिनं गुडघे पोटाशी घेतले.

"आता?"