झोपलेल्यांनी ऐकलेलं

संध्याकाळी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर त्याची छाती उघडणार होते. त्याने सगळ्यांना हसत हसत हो म्हटलं होतं. त्याच्या बायकोला ते हसू पटलं नव्हतं, पण विचारायचं कसं? उभ्या जन्मात दोघं समोरासमोर बसून बोललेच नव्हते. जे काय बोलायचं ते खुर्चीच्या आरपार.

धंदाच तसा. खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायच्या. खुर्ची आडवी टाकायची, एकाने अलीकडे बसायचं, एकाने पलीकडे. भिजवलेली पट्टी एकाने भोकातून सरकवायची, दुसऱ्याने ओढून घ्यायची. आजही हात रिकामे नकोत म्हणून खुर्ची पलंगाला टेकवली होती. तो उशीला टेकून पट्टी सरकवत होता, ती ओढत होती. अर्ध्या विणलेल्या जाळीतून त्याचा चेहरा तिला तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

जावई गाडी घेऊन लवकरच आला होता. कॉलेजात इतिहास शिकवायचा. म्हाताऱ्याने त्याला शुभवर्तमानातली ती रात्र वाचायला सांगितली, बागेत येशूला धरतात ती. जावयाने वाचलं खरं, पण त्याला राहवेना.

"बाबा, इतिहास म्हणून हे टिकत नाही. पौर्णिमेच्या आसपासची रात्र, मग धरायला येणाऱ्यांना मशाली कशाला?"

"झाडाखाली चांदणं काय कामाचं?" सासू म्हणाली.

"बरं. रोज मंदिरात चारचौघांत बोलणारा माणूस. तो कोणता हे शिपायांना दाखवायला त्याच्याच शिष्याने मुका कशाला घ्यायला हवा?"

"लग्नाच्या दिवशी माझ्या भावालाच सासरा समजून मिठी मारलीत, जावईबापू," म्हातारा म्हणाला. "तुम्ही तर शिकलेले होतात."

जावई ओशाळून हसला. "पण खरी अडचण पुढेच आहे. तो एकटा बाजूला जातो आणि देवाला म्हणतो, हा मरणाचा प्याला माझ्यापासून दूर कर. जवळचे तिघे शिष्य गाढ झोपलेले. उठतात न उठतात तोच त्याला धरून नेतात. मग ते शब्द ऐकले कुणी?"

म्हाताऱ्याची पट्टी भोकात तशीच थांबली.

"झोपेतही ऐकू येतं," ती म्हणाली.

"तुला?" म्हातारा म्हणाला. "मी पाणी मागून मागून घसा कोरडा केला तरी तू आपली घोरतेस!"

पट्टी पुन्हा सरकू लागली. दुपारचं ऊन जमिनीवर पसरलं होतं. ओल्या वेताचा वास खोलीभर दाटला होता. तिच्या पापण्या जड झाल्या, हात मात्र सवयीने ओढत राहिले. मग खोली कुठे गेली कोण जाणे. झाडंच झाडं होती, आणि फांद्यांतून चांदणं चौकटी चौकटींनी खाली सांडत होतं. कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. पाठ ओळखीची होती, खुर्च्यांवर वाकून वाकून पोक आलेली. "मला नाही गं जायचं," ती पाठ म्हणाली. "भीती वाटते. पण या सगळ्यांना सांगू कसं?" तिने हात पुढे केला, ओढलं. हाताला काहीच आलं नाही.

ती दचकून जागी झाली. "अहो, तुम्हाला भीती वाटते म्हणालात?"

"मी? अवाक्षर नाही काढलं."

"खरंच, आई," जावई म्हणाला. "बाबा गप्पच होते." मग तो सावरून बसला. "मी तरी दुसरं काय म्हणतोय? तिथेही ऐकलं कुणीच नाही. माणूस ओळखीचा, म्हणून शब्द सुचले."

ती कानकोंडी झाली आणि उगाच भांड्यातला वेत चाचपत बसली.  पलीकडून पट्टीचं टोक भोकातून हळूच बाहेर आलं.

"बरोबर आहे तुमचं, जावईबापू," म्हातारा म्हणाला. "मी बोललो नाही. पण शब्द माझेच आहेत."

जावयाने पुस्तक मिटलं. "मग रद्द करू या का? मी बोलतो डॉक्टरांशी."

म्हाताऱ्याने जाळीतून बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "माझ्या कानावर आलंय आता."

"जाऊ या. सांगून टाकल्यावर जरा हलकं वाटतंय."

"सांगितलंत कधी?" जावई पुटपुटला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"तू सोबत बस," म्हातारा तिला म्हणाला. "डोळा लागला तर लागू दे."

तिने खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली, अर्धवट, पट्टी लोंबत असलेली. मग पलंगावर त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो वेताच्या पाण्याने अजून ओला होता.