ऐकला, एवढंच

"तर अंबरीष, इथे माणसं सुटल्याचं कार्ड पंच करून पुन्हा कामाला बसतात का?" लीस्बेटबाईंनी थेटच विचारलं.

"हाय," अंबरीष म्हणाला.

झालं! बोलून बसला. आठ वर्षं तोक्योत काढली की समोरचा काहीही बोलो, जीभ आपली 'हाय' म्हणून मोकळी होते. जपानी 'हाय' म्हणजे होही, आणि नुसतं 'ऐकतोय'ही. एप्रिलच्या मीटिंगमध्ये असंच 'हाय, हाय' करत मान डोलावली, आणि बाहेर पडला तो कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी होऊन! बायकोनं, उत्तरानं, कपाळावर हात मारला होता. "हाय म्हणता म्हणता एक दिवस हाय खाशील बघ!"

कंपनीचे मालक डेन्मार्कचे, म्हणून तिकडून युरोपच्या संसदेत गेलेल्या या बाई इथला कारभार बघायला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी आपली कथा सांगून टाकली. विसाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात, संपात पुढे झाल्या म्हणून नोकरी गेली, मग वीस वर्षं युनियन, आता तिसऱ्यांदा खासदार. पण तोरा म्हणून नाही. अंबरीषला बाई मनापासून आवडल्या, आणि म्हणूनच त्याला घाम फुटला.

"म्हणजे हो?" बाईंनी पेन उचललं.

शेजारी बसलेले मॅनेजर ओकादा-सान हसले. "जपानी 'हाय' आहे. 'प्रश्न ऐकला' एवढाच अर्थ. बरोबर ना, अंबरीष-सान?"

भिंतीपलीकडे त्याच्याच विभागातला सुयश बसला होता. कार्ड पंच केल्यावरही रात्री उशिरापर्यंत बसून गेल्या आठवड्यात चक्कर येऊन पडलेला. 'दादा, तुम्ही प्रतिनिधी आहात, बाईंना एवढं सांगाच,' म्हणाला होता. पण अंबरीषचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता, आणि त्याच्या कागदांवर सही लागणार ओकादा-सानची. लेक पाचवीत, मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत देणारी. तिला उचलून न्यायचं कुठे? इकडे आड, तिकडे विहीर.

"ऐकला, एवढंच," अंबरीष म्हणाला. "तसं कुणी बसत नाही इथे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलं आहेत तुम्हाला?"

"एक मुलगी."

"मला संपाच्या वेळी नव्हती," त्या हळूच म्हणाल्या आणि उठल्या.

अंबरीष जागेवर आला. सुयशनं खुर्ची वळवली. "काय झालं, दादा?"

"तब्येत कशी आहे रे तुझी?"

सुयश काय समजायचं ते समजला. "ठीक आहे."

सहा वाजले. सुयश दाराशी गेला, कार्ड पंच केलं आणि परत येऊन कामाला बसला. रांगेत त्याच्या पाठोपाठ अंबरीष उभा होता, आपलं कार्ड हातात धरून.