पश्चिमेकडे तोंड केलेली डिश

कवठे महांकाळला एका दुमजली घराच्या गच्चीवर मी डिशचे नट आवळत होतो, तेव्हा चिंतामण सरांचा फोन आला. सकाळचे अकरा वाजले होते. सरांनी आधी विचारलं, "लालासाहेब, तुम्ही कुठं वर चढलाय का?"

"व्हय. का वो?"

"मग आधी खाली उतरा. पाय जमिनीला लागले की सांगा."

मी उतरलो. मग त्यांनी सांगितलं. माझी बायको राजेश्वरी अंगणात कपडे वाळत घालताना पडली. शेजारची बनुबाई हाका मारत सुटली, सरांनी गाडी बोलावली, पण दवाखाना येण्याआधीच ती गेली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, ही बातमीसुद्धा याच माणसाकडून यायची होती.

लिबियात मी पाच वर्षं होतो. समुद्राकाठच्या एका शहरात हाजी सालेमच्या दुकानात डिश बसवायचं काम करायचो. तिथल्या सरकारी चॅनलवर गाणी, संचलन आणि भाषणं. लोकांना हवा असायचा तो बाहेरच्या देशातून येणारा बातम्यांचा चॅनल. त्यात दोन माणसं समोरासमोर बसून भांडायची आणि कुणी कुणाला गप्प करायचं नाही. मी गेलो त्या वर्षी लोक तो चॅनल लावताना दार ओढून घ्यायचे. दोन वर्षांनी दार उघडं राहायला लागलं. नूरी नावाचा न्हावी होता. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून तो टीव्हीतल्या मंत्र्याशी वाद घालायचा. हाजी म्हणायचा, "माझ्या बापानं घरातसुद्धा कधी सरकारचं नाव घेतलं नाही. आता माझी बायको जेवताना घेते, आणि मलाच विचारते, तुझं मत काय?" आपल्याच गल्लीत काय झालं ते या लोकांना परक्या देशातून कळायचं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

२००९ला सुट्टीवर आलो तेव्हा कुंडलच्या घरावर मी मोठी डिश बसवली. गावातल्या बाकी साऱ्या डिश दक्षिणेकडे नाहीतर पूर्वेकडे बघतात. आमची एकटी पश्चिमेकडे, अरबांच्या उपग्रहाकडे. मी राहतो तो मुलूख राजेश्वरीला दिसावा, एवढाच हेतू. पण बातम्या अरबीत, फार तर इंग्रजीत, आणि ती सातवी शिकलेली. समोर चिंतामण सर राहायचे. शाळेत इंग्रजी शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. मीच त्यांच्याकडे गेलो. "सर, हिला जरा बातम्या समजून सांगत जावा." मीच म्हणालो.

सर कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. ते खिडकीखालच्या कट्ट्यावर बसायचे, टीव्ही खिडकीकडे वळवलेला असायचा, राजेश्वरी आत जमिनीवर बसायची. अंकिता, आमची मुलगी, चहा बाहेर न्यायची. मी परत आल्यावर बनुबाईनं मला ऐकवलं, "तुमची डिश लय लांबचं दावती म्हनं. आमाला तर कट्ट्यावरचंच दिसायचं बगा."

फेब्रुवारी २०११मध्ये तिथं पेटलं. एका संध्याकाळी राजेश्वरीचा फोन लागला.

"आवं, तिकडं गोळ्या चालल्यात म्हनं."

"कोन म्हनतंय?"

"टीव्हीवर हाय."

"टीव्हीवाले फुगवून सांगत्यात. हितं काय बी न्हाई. जेवलोय, आता झोपतोय."

"बरं," ती म्हणाली. "येळंवर जेवत जावा."

मार्चमध्ये आपल्या सरकारच्या बोटीनं मी सुटून आलो. त्या दिवसापासून सर कट्ट्यावर यायचे बंद झाले. राजेश्वरी मात्र तो चॅनल बघतच राहिली. एका देशातला राजा गेला, दुसऱ्यात चौक भरला, तिसऱ्यात लढाई लागली, सगळं तिला माहीत. मी म्हणायचो, "आता मी हाय की हितं. काय बघतीस त्यात?"

"बगू द्या की."

मला तिनं कधी काही विचारलं नाही. त्या मुलखात पाच वर्षं राहिलेला माणूस शेजारी बसलेला. पण बाजारात सर भेटले की पिशवी खाली ठेवून विचारायची, "सर, काल त्या बंदराचं काय सांगत हुते?" सर चष्मा पुसत सांगायचे, ती मान हलवत ऐकायची. मी भाजीचा भाव करायचो आणि आतून जळायचो. चौदा वर्षं जळलो. वाईट असं दोघांनी काही केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यानं जळणं कमी झालं नाही.

दहाव्याला भिलवडीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली एकही येईना. जो तो इच्छा बोलून बघू लागला. तिची भावजय म्हणाली, "अंकिताचं बाळंतपन मी करीन गं." मी म्हणालो, "तुजी म्हस इकनार न्हाई." कावळा पंख खाजवत बसला. ऊन चढलं. धाकटा भाऊ उदयसिंह माझ्या कानाशी आला.

"दादा, सरांस्नी इचार की. त्यास्नी म्हाईत आसंल."

मी मागं बघितलं. सर वरच्या पायरीवर होते. ते अर्धे उठले होते, काही बोलावं की नाही अशा विचारात.

मी भटजींना म्हणालो, "दर्भाचा करा."

"अजून थांबता येईल. घाई नाही."

"करा म्हनलं न्हवं."

भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. सर परत खाली बसले.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन मी डिश काढायला शिडी लावली. चार पायऱ्या चढलो तोच शिडी हलायची थांबली. खाली बघितलं तर सरांनी दोन्ही हातांनी ती धरलेली.

"सोडा सर," मी म्हणालो. "शिडी धरू नका."

"हलतेय, लालासाहेब."

"हलू द्या. सोडा म्हनतो न्हवं."

सरांनी सोडली नाही. मीच उतरलो आणि कट्ट्यावर बसलो. सरही बसले, दोन हात अंतर ठेवून.

"तुम्ही तिला एक फोटो पाठवला होता," सर म्हणाले. "न्हाव्याच्या दुकानापुढचा. निळं शटर, पुढं तुमची शिडी."

मी पान्हा खाली ठेवला.

"तुम्हाला तो फोन लागला त्याच दिवशी दुपारी टीव्हीवर ते दुकान दाखवलं. शटरला भोकं होती. पुढं शिडी आडवी पडलेली. राजेश्वरीताई म्हणाल्या, सर, ही ह्यांची शिडी हाय, हिला लाल चिंधी बांदल्याली हाय. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, इथं काही नाही. मी त्यांना म्हटलं, नीट विचारा. तर म्हणाल्या, त्येंचं त्येच सांगतील."

"मग मी आल्यावर का न्हाई इचारलं?"

"वाट बघत होत्या. मी एकदा म्हटलं, आता तरी तो चॅनल बंद करा. तर म्हणाल्या, हे सांगत न्हाईत, कवातरी टीव्ही सांगंल." सरांनी चष्मा काढून हातात धरला. "घाटावर मी तेवढंच सांगायला उठलो होतो. की पिंडापुढं त्यांना म्हणा, सगळं सांगतो."

त्या दिवशी सकाळीच तिथं सरकारनं सिग्नल अडवला होता. गल्लीतले लोक म्हणाले, डिश फिरवून दुसऱ्या उपग्रहावर चॅनल लागतो का बघ. मी नूरीच्या दुकानावर चढलो. नूरीनं शिडी धरली. वरून मी त्याला म्हणालो, घट्ट धर. गोळ्या आल्या तेव्हा मी डिशच्या मागं आडवा झालो. उतरलो तेव्हा तो शिडीच्या पायाशी पडला होता आणि एक हात पायरीवर तसाच होता. त्याचं घर तिथून तिसरं. मी तिकडे गेलो नाही. शिडी ढकलून बंदराच्या दिशेनं पळालो.

सरांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला कळायच्या आधी ते सरांना कळावं, हे मला अजून सोसत नाही.

डिश वर आहे तशीच आहे, एक नट सैल झालेला. संध्याकाळी मी चॅनल लावतो, टीव्ही खिडकीकडे वळवलेलाच आहे.

नूरीचं राजेश्वरीला सांगायचं राहिलं आहे.