बर्फ मागणारा थोरला

आम्हा दोघा भावांना हिमोफिलिया. रक्त वाहायला लागलं की थांबायचं नाव नाही. गुडघ्यात आतल्या आत साचायचं आणि गुडघा टम्म फुगायचा. त्यावर औषध एकच, फॅक्टर. हजारो लोकांच्या रक्तातून काढलेली भुकटी, पाण्यात विरघळवून शिरेत टोचायची. टोचायला आई शिकली होती. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी बाटल्या असायच्या आणि त्या दोघांना कधीच पुरत नसत.

"धाकट्याला दे," मी म्हणायचो. "मला बर्फ पुरे."

केवढं कौतुक व्हायचं माझं. येईल त्याला आई सांगायची, थोरला म्हणजे देवमाणूस. माझा गुडघा कायमचा आखडला. धाकटा पळायला लागला, सायकल शिकला आणि एकविसाव्या वर्षी एड्सने गेला. बाटल्यांमध्ये एचआयव्ही होता. औषध बनवणाऱ्या कंपनीला ते विक्री थांबवायच्या सात महिने आधीच कळलं होतं. तरी हरामखोरांनी माल संपेपर्यंत विकला.

तीस वर्षांनी चौकशी बसली. मी साक्षीला बसलो, आई माझ्या शेजारी होती. कंपनीचा वकील अगदी गोडबोल्या.

"तुम्ही औषध नाकारत होतात, म्हणजे तुम्हाला शंका होती. मग भावाला का घेऊ दिलंत?"

चोराच्या उलट्या बोंबा. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. ते कसलं पाहणं होतं मला कळेना, पण रागाने माझे कान तापले. यांनी विष विकायचं आणि आईने संशय माझ्यावर घ्यायचा? खोडून काढायला एकच उत्तर होतं, आणि ते मी इतकी वर्षं गिळून बसलो होतो.

"शंकाबिंका काही नव्हती. मला सुईची भीती वाटायची, बस्स. सुई दिसली की पांढराफटक पडायचो, म्हणून बर्फ मागायचो."

वकील लिहू लागला. आईचे दोन मुलगे, एक गेलेला आणि एक देवमाणूस. तो दुसराही मी आज घालवला.

आई खुर्चीला धरून उठली.

"भित्रा होता, ते मला तेव्हाच माहीत होतं. सुई माझ्याच हातात असायची ना. तरी कौतुक करायचे, कारण बाटली एकालाच पुरायची." ती वकिलाकडे वळली. "त्याचं उत्तर झालं. आता तुम्ही सांगा. कळल्यावरही ते माझ्या घरी का पाठवलंत?"

चौकशीच्या अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.