डोंगर डाव्या हाताला

बूटवाल्याला डोंगर चढायची हौस कधीच नव्हती. त्याचं दुकान तळमजल्यावर, घर दुकानाच्या मागे, मधे दोन पायऱ्या, आणि त्याही त्याला जास्त वाटत. पण बायको मिळाली भूगोल शिकवणारी. दर वर्षी शाळेच्या सहलीआधी ती त्याला बर्फाच्या डोंगरांत घेऊन जाई आणि ज्या वाटेने मुलांना न्यायचं ती सगळी वाट त्याला चालायला लावी. ती स्वतः घड्याळ आणि वही घेऊन मागे. तिचं गणित सरळ होतं. हा माणूस जितक्या वेळात पोचतो, तितक्या वेळात वर्गातलं कुठलंही मूल पोचतं. सहलीच्या कागदांत ‘सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेळ’ असा एक रकाना असे, आणि त्यात अठरा वर्षं नवऱ्याचाच वेळ लिहिला जात होता. शाळेत तिला सगळे नकाशाबाई म्हणत. बूटवाला दर वर्षी तक्रार करी, मात्र गिऱ्हाइकांसमोरच; त्यांना ती ऐकायला आवडे.

या वर्षी त्याच्या वेळावर भागणार नव्हतं. आठवीत एक मुलगी होती, तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. दोन पायांत चार बोटांचा फरक. ती बूटवाल्याची जुनी गिऱ्हाईक. डाव्या बुटाला जाड तळ तोच लावून देई. पण दोन बोटांहून जाड तळ केला की घोटा मुरगळायचा, म्हणून उरलेली दोन बोटं ती आपली आपण लंगडत निभावून नेई. दुकानात आली की नवा तळ हातात घेऊन शिलाई तपासून बघे, एखादा टाका सैल दिसला तर परत देई. भूगोलात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. नकाशावरच्या उंचीच्या रेषा नुसत्या बघून ती सांगे, इथे कडा आहे, इथे गुरं चरत असतील. बर्फ मात्र तिने फक्त पुस्तकात पाहिला होता.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांचं म्हणणं पडलं की मुलगी रोपवेने वर जाऊ दे, पण पुढे चालायचं नाही. वरच्या स्टेशनवर एखाद्या शिक्षिकेसोबत बसेल, तिला चांगली दुर्बीण देऊ. मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचं मनगट मोडलं तेव्हा त्याच्या आईला फोन त्यांनाच करावा लागला होता, आणि तो फोन त्या विसरल्या नव्हत्या. नकाशाबाईंनी बरीच हुज्जत घातली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की खाली येणारा शेवटचा पाळणा चार वाजता सुटतो. त्या मुलीसह सगळी फेरी त्याआधी पुरी होते असं सोमवारपर्यंत कागदावर दाखवा, मी सही करते. नाही दाखवता आलं तर तिचं नाव चालणाऱ्यांच्या यादीत नको.

घरी येऊन नकाशाबाईंनी आकडेमोड मांडली. पहिला पाळणा नऊला वर पोचतो. नऊ ते चार सात तास. दोन तास थांबून शिकायचे, अर्धा तास हाताशी राखलेला. म्हणजे चालणं साडेचार तासांत संपायला हवं. बूटवाल्याला यात अवघड काय ते कळेना. त्याने सुचवलं, की त्या मुलीलाच एकदा नेऊ आणि घड्याळ लावू.

“वर्गातल्या दुसऱ्या कुठल्या मुलाला मी आधी चालवून बघते का?” ती म्हणाली. “मग तिनेच तेवढी परीक्षा का द्यायची?”

 तो उठून दुकानात गेला, स्वतःचे डोंगरातले बूट काढले, आणि उजव्या बुटाला दोन बोटं जाडीचा तळ चिकटवून वरून शिवला. संध्याकाळी ते पायांत घालून तो दुकानातून स्वयंपाकघरापर्यंत आला. दुसऱ्याच पायरीवर त्याने दाराची चौकट धरली. उजवा पाय वाढला की डावा आपोआप आखूड पडतो, हे बायकोला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने त्याच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, सकाळी सहाची गाडी आहे.

शनिवारी ते वर पोचले. रोपवेचं स्टेशन एका प्रचंड वाटीच्या तोंडाशी होतं. वाटीच्या तळाशी तळं, मागच्या भिंतीला हिमनदीचं टोक, आणि सगळ्या कडेने गवताचे उभे उतार. वाट म्हणजे गुरांनी तुडवलेली, उताराबरोबर कललेली एक पट्टी. उजवीकडून वाटीत शिरायचं, बर्फापाशी जायचं आणि डावीकडून बाहेर पडायचं. शाळेची फेरी पहिल्यापासून अशीच होती.

पहिल्या शंभर पावलांतच बूटवाल्याच्या नाकीनऊ आले. डोंगर उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला, आणि आखूड पाय नेमका दरीकडे. पाऊल टाकलं की जमीन तिथे नसायचीच. उतारामुळे ती आणखी चार बोटं खाली असायची. दर पावलाला सगळं अंग डावीकडे झुके आणि ते उचलून परत सरळ करावं लागे. तासाभरात कंबर बोलू लागली. आजवर त्याने त्या मुलीचे किती बूट शिवले, मापं घेतली, तिच्या आईशी गप्पा मारल्या, पण ती दिवसभर हे असं करते हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. शिव्या द्यायचं त्याने सोडून दिलं, आणि बायकोला त्यामुळेच जास्त काळजी वाटू लागली.

बर्फाला हात लावून ते परत निघाले तेव्हाच उशीर झाला होता. डावीकडच्या उतारावर, निम्म्या वाटेत, तो एका दगडावर बसला. घड्याळ बघायची गरजच नव्हती. वहीत मधल्या टप्प्यांचे आकडे लिहिलेले होते आणि बायकोच्या चेहऱ्यावर त्यांची बेरीज दिसत होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की थर्मास मागच्या थांब्यावर राहिला. तीस-चाळीस पावलंच होती. तिला उठू न देता तो निघाला, थर्मास घेतला, आणि घेऊन आला.

“परत जा,” ती म्हणाली.

“आता काय राहिलं?”

“काही नाही. थर्मास ठेवा खाली आणि परत तिथपर्यंत जा.”

उन्हाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं त्याच्या मनात आलं. पण अठरा वर्षांची सवय. तो गेला. तिने परत बोलावलं, तो आला. तिने पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या कमरेला जे कळलं ते मग त्याच्या डोक्यात शिरलं. येताना तो पहिल्यासारखाच हेलकावे खात होता. जाताना मात्र ताठ चालत होता. जाताना डोंगर डाव्या हाताला येत होता. वाटेचा कल आखूड पायाखाली भर घालत होता. एखाद्या कारागिराने त्याच्यासाठी मापून तळ लावावा तशी.

नकाशाबाई दगडावर बसल्या आणि त्यांनी नकाशा मांडीवर उलगडला. एक बोट त्यांनी वाटीच्या कडेने नेहमीच्या दिशेने फिरवलं, मग उलट्या दिशेने. असं त्यांनी चारपाच वेळा केलं. वाऱ्याने केस तोंडावर येत होते तेही त्यांना कळत नव्हतं. बूटवाला बाजूला उभा राहून बघत होता. आपली बायको हुशार आहे हे त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं, पण इतकं साधं काहीतरी, सगळ्यांच्या पायाखाली असलेलं, तिलाच दिसावं याचं त्याला फार कौतुक वाटलं. तसं त्याने तिला सांगितलंही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका, उद्या सकाळी परत चालायचंय, असं म्हणून तिने नकाशाची घडी घातली.

त्या दिवशी नुसतं चालणंच पाच तास दहा मिनिटांचं झालं. शेवटचा पाळणा त्यांना पळत गाठावा लागला, म्हणजे ती पळाली आणि दार धरून उभी राहिली.

रविवारी ते डावीकडून आत शिरले. तोच माणूस, तेच बूट, सुजलेला गुडघा वरकड. वाटीची सगळी कड संपेपर्यंत डोंगर डाव्या हाताला राहिला. बर्फापाशी डबा खाताना बूटवाला चक्क गप्पा मारत होता. दगडगोट्यांचा एक तुकडा वाईट होता, तिथे त्याने बायकोचा खांदा धरला आणि तिने वहीत लिहिलं की इथे सगळ्यांनी जोडीने चालायचं. स्टेशनवर परत आल्यावर तिने घड्याळ बंद केलं आणि नवऱ्यापुढे धरलं. थांबे सोडून चार तास बारा मिनिटं. त्याचा जीव भांड्यात पडला. तिने मात्र आकडा वहीत उतरवला, खाली तारीख घातली, आणि मगच हसली.

सोमवारी मोठ्या बाईंनी कागद वाचले आणि चालणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. बूटवाला दुकान बंद करून आला. मोठ्या बाईंच्या खोलीतली खुर्ची त्याला अंमळ अरुंद होती, त्यामुळे तो कडेवर टेकला. त्यांनी विचारलं, खरंच इतका फरक पडतो? त्याने बूट बरोबर आणलेच होते. शनिवारी मला रडू येत होतं बाई, तो म्हणाला, आणि रविवारी मी हिला विचारलं की अजून किती उरलंय, कारण मला संपायला नको होतं. मोठ्या बाईंनी तो उजवा बूट हातात घेऊन तळाची जाडी बघितली. 

“पण एका मुलीसाठी सगळी सहल उलटी फिरवायची?” त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. पालकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे त्या मनाशी जुळवत असाव्यात.

“बाकीच्यांना दोन्ही दिशा सारख्याच आहेत, मोठ्या बाई,” नकाशाबाई म्हणाल्या. “तिला नाहीत. इतकी वर्षं आपण एकाच बाजूने गेलो, कारण आधीचे त्या बाजूने गेले होते. मीही कधी विचारलं नाही.”

मोठ्या बाईंनी पेन उघडलं आणि यादी पुढे ओढली. अशा याद्यांत वेगळी सोय लागणाऱ्या मुलांची नावं शेवटी, एक ओळ सोडून लिहायची पद्धत होती. त्यांनी थेट शेवट बघितला. तिथे काही नव्हतं. मग त्या वरून एकेक नाव वाचत खाली आल्या आणि एकोणिसाव्या ओळीवर थांबल्या. अठराव्या आणि विसाव्याच्या मधे ती मुलगी होती, हजेरीपटात होती तशीच. पुढे वेळाच्या रकान्यात चार तास बारा मिनिटं लिहिलं होतं, आणि तेच चार तास बारा मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं.

मोठ्या बाईंनी सही केली.