तीन पायांचे टेबल

आमच्या दैनिकात बावीस वर्षं मी मुद्रितं तपासते. ऑफिसात पाठीमागे मला ‘लाल शाई’ म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. चूक दिसली की माझा हात आपोआप चालतो, मग ती दुकानाची पाटी असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. सख्ख्या बहिणीचं पत्र मी एकदा दुरुस्त करून परत पाठवलं होतं. ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

रोजच्या शब्दकोड्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच. कोडं मास्तर रचायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अंगानं बारीक, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. दर सोमवारी अकरा वाजता आठवड्याची सात कोडी घेऊन ते हजर. त्यांच्या प्रत्येक कोड्याला एक धागा असायचा, म्हणजे सगळी मोठी उत्तरं कुठल्यातरी एका गोष्टीनं बांधलेली. तो धागा वाचकानं ओळखायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरांखाली छापायचो. एकदा उत्तरं आली सुई, बटण, बासरी, चाळणी आणि सगळ्यात शेवटी खिसा. धागा होता ‘भोकं’. मी टेबलाशी एकटीच मोठ्यानं हसले, तेव्हा पलीकडचा खेळवार्ताहर घाबरून उठून बघायला आला होता.

आमची एक रीत होती. मास्तर कागदाच्या पाठीवर धागा लिहीत. मी आधी पेन्सिलीनं कोडं सोडवायचं, धाग्याचा माझा अंदाज खाली मांडायचा आणि मगच कागद उलटायचा. बावीस वर्षांत माझा अंदाज अकरा वेळा चुकला. त्या अकराही वेळा मास्तरांनी मला चहा पाजला, आणि पाजताना चेहरा असा ठेवला की चहा कडू लागावा.

गेल्या वर्षापासून मास्तर चुकायला लागले. कोळ्याला सहाच पाय दिले. एकाच कोड्यात एक उत्तर दोनदा आलं. संपादक माझ्या भाच्याच्या वयाचे. ते म्हणाले, “बाई, कॉम्प्युटर क्षणात कोडं देतो. मास्तरांची आणखी एक चूक छापून आली, की त्यांना नमस्कार करायचा.” म्हणून मी मास्तरांच्या चुका गुपचूप काढू लागले. मास्तरांना बोलले नाही. छापून आलेलं कोडं ते कधी बघतच नसत. “पोर परीक्षेला बसलं, की बापानं खिडकीत उभं राहू नये,” असं त्यांचं म्हणणं.

छापलेलं कोडं सोडवायच्या त्यांच्या बायको. मी त्यांना कधी भेटले नाही, पण चांगली ओळखत होते. कोडं अवघड पडलं की मास्तर खुशीत सांगायचे, “काल घरी शिव्या खाल्ल्या.”

मग त्या आजारी पडल्या. तीन आठवडे दवाखान्यात, भेटायची वेळ फक्त दुपारी चार ते सहा. सकाळी वॉर्डातल्या सिस्टर त्यांना पेपरातलं कोडं वाचून दाखवत, आणि त्या डोळे मिटून उत्तरं देत. त्या सोमवारी मास्तर कोडी ठेवून दाराशी गेले आणि परत फिरले.

“बुधवारचं जरा नीट बघा, बाई. तिच्यासाठी केलंय. एकही चूक नको.”

“तुमच्या कोड्यात चूक कुठली, मास्तर?” मी म्हणाले. वर्षभर खोटं बोलल्यावर जीभ सरावते.

बुधवारचं कोडं मी सगळ्यात आधी घेतलं. टेबल, आरसा, घड्याळ, खुर्ची, छत्री. एवढं बाळबोध कोडं मास्तरांनी आयुष्यात केलं नव्हतं. आणि सूचना तर काय होत्या. टेबलाला लिहिलं होतं ‘तीन पायांचे’. आरशाला ‘यात अर्धाच चेहरा दिसतो’. घड्याळाला ‘कायम सव्वाचार दाखवते’. खुर्चीला ‘दोघांत एक’. छत्रीला ‘घरात उघडतात’. माणूस पार कामातून गेला, असंच वाटलं. बायको दवाखान्यात, डोकं ठिकाणावर राहील कसं? मी लाल पेन घेतलं आणि एकेक ओळ सरळ केली. चार पायांचे. यात चेहरा दिसतो. वेळ दाखवते. बसण्यासाठी. पावसात उघडतात. धागा लिहिला ‘घरातलं सामान’. तो इतका उघड होता की मी कागद उलटलाच नाही. मास्तरांचा कागद खणात टाकला आणि पुढच्या कामाला लागले. त्यांचा मान राखला, असं समाधानही वाटलं होतं.

त्या बुधवारीच दुपारी मास्तरांच्या बायको गेल्या.

पुढच्या सोमवारी मास्तर अकराला आले. हातात कोडी नव्हती, शर्टाला इस्त्री नव्हती. समोर बसले आणि माझी एक पेन्सिल उचलून बोटांत फिरवू लागले.

“बुधवारी सकाळी तिनं कोडं सोडवलं,” ते म्हणाले. “सिस्टर म्हणाल्या, पाच मिनिटांत संपवलं. मग म्हणाली, आज अगदीच सोपं होतं. त्यांना म्हणावं, आता पुरे करा, थकलात. तेवढंच बोलली. मी चारला पोचलो तेव्हा...”

मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

“मग मी पेपर बघितला. चार पायांचं टेबल. कुणाच्याही घरातलं.” त्यांनी हात वर करून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “मी तीन लिहिणार होतो, बाई. मनात तीनच होतं. हातून चार कसं गेलं, कळत नाही. बाकीच्या सूचनाही तशाच, कुणी परक्यानं लिहिल्यासारख्या. डॉक्टरला दाखवून घेतो आता. तिच्यासाठी एक कोडं धड करायचं होतं, तेही नाही जमलं.”

कागद माझ्या खणात होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मास्तरांनी दोष स्वतःकडे घेतला असता आणि मरेपर्यंत तोच घेऊन बसले असते. मला खरंच वाटलं, गप्प बसावं. मला भीती वाटत होती.

मी खण उघडला. कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं. मग माझी लाल शाई वाचली. मग कागद उलटला. पाठीवर लिहिलं होतं: ‘आमची पहिली खोली’.

“चौथ्या पायाच्या जागी जुने नकाशे रचले होते,” ते हळूच म्हणाले. “माझ्या शाळेतले. आरसा फुटका, अर्धाच. ती वेणी घालायची तेव्हा मी म्हणायचो, उरलेला अर्धा चेहरा मी सांगतो कसा दिसतो ते. घड्याळ बंद. खुर्ची एकच. पाऊस आला की आम्ही पलंगावर छत्री उघडून बसायचो. पहिली सूचना ऐकूनच ती हसली असती. हसली असती ना, बाई?”

“हो,” मी म्हणाले. “चूक माझी आहे, मास्तर. मी कागद उलटला नाही.”

“असं पहिल्यांदाच केलंत?”

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती.

“नाही. वर्ष झालं.”

मास्तरांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “म्हणजे कोळ्याला मी...” एवढं म्हणून थांबले. “मला वाटायचं, अजून जमतंय,” ते म्हणाले आणि उठले. कागद टेबलावरच राहिला. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

त्याच आठवड्यातल्या बुधवारच्या पानावर शेवटची सही माझीच होती. मी तेच कोडं पुन्हा लावलं, मास्तरांच्या अक्षरात जसं होतं तसं. एका काना-मात्रेला हात लावला नाही.

सकाळी नऊपासून फोन. एक गृहस्थ म्हणाले, तीन पायांचं टेबल कुठल्या जगात असतं? मी म्हणाले, होतं एके ठिकाणी. एक आजीबाई म्हणाल्या, घरात कोण छत्री उघडतं, तुम्हाला अक्कल आहे का? मी म्हणाले, नव्हती. सगळ्यांची एकच तक्रार होती, धागा सापडत नाही. दुपारी संपादकांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून कॉम्प्युटरचं कोडं. मी बरं म्हणाले.

चार वाजता, दवाखान्यातल्या भेटीच्या वेळेला, मास्तरांचा फोन आला.

“पेपर पाहिला,” ते म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी स्वतःचं छापलेलं कोडं बघितल्याची ही दुसरीच वेळ. “लोक काय म्हणतात?”

“फार अवघड होतं म्हणतात. कुणालाच आलं नाही.”

पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

“तिला आलं असतं,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.